मेजरना वर कुणी पाठवलं

आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला सगळे मेजर म्हणतात. आमचे हे नाईक या छोट्या हुद्द्यावरून पेन्शनीवर आले, पण गावात पाय टाकल्या दिवशी मेजर झाले ते कायमचे. मला ते बरंच पडलं. मी यांचं नाव कधी घेतलं नाही. कुणी विचारलं तर मीसुद्धा म्हणायची, मेजर रानात गेलेत.

कडेगावकडे आमचं रान थोडं आणि वाटेकरी जास्त. मुलगी सातारला देऊन झाल्यावर हे म्हणाले, आता इथं बसून काय करायचं. मग आम्ही सांगलीत आलो. विश्रामबागच्या मागच्या अंगाला एक खोली घेतली. पाण्याच्या पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात हे वॉचमन म्हणून लागले. पुढं मलाही तिथं झाडलोटीला घेतलं.

कारखान्याच्या मालकांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो. त्यांनी छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या होत्या. नंतर गाड्यांच्या शेडमध्ये चार्जिंगचे बोर्ड लावले आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की ज्याच्याकडे बॅटरीची गाडी आहे त्यानं ती दिवसा इथं लावावी, ऊन काही आपल्याला विकत घ्यावं लागत नाही. बघता बघता पेट्रोलच्या गाड्या कमी झाल्या. पॅकिंगमधल्या बायकांनी हप्त्यावर स्कूटी घेतल्या. आम्हीपण एक वापरलेली घेतली. हे चालवायचे, मी मागं बसायची.

बोर्ड थोडे आणि गाड्या जास्त, म्हणून एकीची वायर काढून दुसरीला लावायला माणूस लागायचा. मशिनवरच्या माणसाला सारखं उठून येता येत नाही. ते काम माझ्याकडे आलं. चाव्या माझ्याजवळच्या खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या. मला माणसांशी बोलायला जड जातं, आवाजच निघत नाही. गाड्यांशी बोलावं लागत नाही. माणसांच्या आधी त्यांच्या गाड्याच मला ओळखीच्या झाल्या. कुणाची लवकर भरते, कुणाची वायर सैल बसते, कुणाची सीट मांजरानं ओरबाडलीय.

पॅकिंगमध्ये एक मुसलमान बाई होती. तिचा नवरा पत्र्याच्या पेट्या करायचा. मी तिला भाभी म्हणायची आणि ती मला वहिनी. सगळ्या कारखान्यात तिच्याइतकं मोठ्यानं कुणी बोलत नसे. चहाच्या सुट्टीत ती लांबूनच ओरडायची, "वहिनी, माझ्या म्हशीला वैरण घातली का?"

मी मान हलवायची.

"पोट भरलं का बघ गं बाई. न्हाईतर वाटंत बसती मेली, आन माझं शेजारी दात काढत्यात."

सुपरवायझर तरणा मुलगा होता. लग्न नुकतंच झालेलं. तो यायचा, "काकू, माझी आदी लावा की. मला लय लांब जायचंय."

भाभी त्याला सोडायची नाही. "तुमाला बायकोकडं पळायचं असतंय सायेब, आमाला चुलीकडं. चूल थांबत न्हाई. बायकू थांबती."

तो लाजून लाल व्हायचा. सगळ्या हसायच्या. मीपण पदर तोंडाला लावून हसायची.

प्लेटा धुवायचं काम यांनी आपणहून घेतलं होतं. पहाटेची फेरी संपवून, ऊन चढायच्या आत हे वर जायचे. मी खाली पंपापाशी उभी राहायची. हे वरून म्हणायचे, "चालू." मी बटण दाबायची. "बंद" म्हटलं की बंद करायची. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कडीला. हे सगळं हे रोज तपासायचे. पुढच्या छपरावर प्लेटांच्या मधून जाळीची वाट होती. तिच्यावरून चालायचं आणि लांब दांड्याच्या ब्रशनं धुवायचं. काम कष्टाचं, पण धोक्याचं नव्हतं.

उन्हाळ्यात धूळ असते, पण ती पाण्यानं जाते. खरा त्रास दिवाळीनंतर. साखर कारखाने सुरू झाले की काजळी पडायला लागते. दोरीवरच्या कपड्यांवर, ताकाच्या भांड्यावर, डोक्याच्या केसांवर. काळ्या काडीसारखी येते आणि बोट लावलं की पसरते. त्यात कुणी उसाचा पाला पेटवला असेल तर आणखी. प्लेटांवर ती बसली की ऊन आत शिरत नाही. गाड्या दिवसभर वायरीला असून संध्याकाळी अर्ध्याच भरलेल्या असायच्या. मग वीज बोर्डाची विकतची लाइट लागायची. गेटजवळ भिंतीवर टीव्हीसारखा एक पडदा होता. त्यावर दिसायचं, उन्हातून किती वीज आली आणि बोर्डाची किती घेतली. मोठ्या साहेबांचं त्या पडद्याकडे फार लक्ष. येता जाता तिथं थांबायचे.

त्या वर्षी मागच्या शेडवर नव्या प्लेटा टाकल्या. चारचाकी गाड्यांसाठी मोठं चार्जिंग बसवायचं होतं म्हणून. पण तिथं जाळीची वाट टाकली नव्हती. नंतर टाकू म्हणाले. त्या शेडचं छप्पर पत्र्याचं आणि आत उजेड यावा म्हणून मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे. हे मला सांगायचे, "प्लॅस्टिकवर मांजरबी उभं करायचं न्हाई. पाय ठेवायचा तो लोखंडी पत्र्यावर, आन तेबी खिळ्यांच्या रांगंवर. खिळ्यांखाली लोखंड असतंय."

पुण्याहून कारखाना बघायला पाहुणे आले तो दिवस काजळीचाच होता. आदल्या दिवशी आसपास कुठंतरी उसाचा मोठा फड पेटला होता. मी सकाळी तेच अंगण दोनदा झाडलं तरी काळं ते काळंच.

पाहुणे बॅटरीच्या मोटारीतून आले. मोठी पांढरी मोटार. मोठे साहेब स्वतः गेटपर्यंत आले. मागच्या शेडशेजारी तिला चार्जिंगला लावली. साहेब त्यांना सांगत होते, की जेवण होईपर्यंत तुमची गाडी निव्वळ उन्हावर भरते, बघा. मग सगळे पडद्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून आत गेले. आत जाताना साहेबांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. मोटार भरत होती, पण बोर्डाच्या लाइटवर. उन्हाचा आकडा फारच खाली होता.

मी पंपापाशी बादल्या विसळत होते. हे गेटवरून चहा प्यायला माझ्याकडे आले होते. सुपरवायझर फोन कानाला लावून पळतच आला. फोन ठेवला आणि म्हणाला, "मेजर, मागच्या शेडवर एक हात मारा."

"आत्ता?" हे म्हणाले. "ऊन बघा की. तापल्याली काच, तिच्यावर गार पाणी मारायचं? उद्या उजाडता मारतो."

"उद्या पावनं हायत का? पावनं आत्ता हायत."

"पट्टा स्टोअरमदी हाय. स्टोअरवाला जेवायला गेलाय."

"आवं, धा मिनटाचं काम. मोठं सायेब माझ्या डोक्यावर बसल्यात. मेजर, जावा की."

यांनी चहाचा कप मला दिला. "हुकूम हाय म्हणा की मग," हे हसून म्हणाले.

"व्हय, हुकूमच समजा."

हे गेले. बूट काढले, पँट वर दुमडली. शिडीला हात घातला तेव्हा, मघापासून पॅकिंगच्या दारात उभी राहून सगळं ऐकणारी भाभी ओरडली, "मेजर, डोक्याला कायतरी बांधा, टक्कल भाजंल." यांनी तिच्याकडे बघून हात केला.

मग वरून आवाज आला, "चालू." मी बटण दाबलं.

पन्हाळीतून पाणी आलं ते शाईसारखं. काळं, जाड. मी बघत होते. मनात आलं, किती बसली होती. थोडं निवळलं, परत काळं आलं. हे एक रांग धुऊन दुसरीकडे गेले असावेत. मग पत्रा वाजला. तो आवाज मला लिहिता येत नाही. आत मशिनवर काहीतरी आदळलं आणि माणसं ओरडली. "बंद" असं वरून कुणी म्हणालंच नाही. पाणी चालूच होतं. ते नंतर कुणीतरी बंद केलं.

कसं झालं ते यांनी मला मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं. वरच्या रांगेचं काळं पाणी उतरून खालच्या पत्र्यांवर बसलं. लोखंडी पत्रा, प्लॅस्टिकचा पत्रा, खिळे, सगळ्याचा एकच रंग झाला. पाण्याखाली काही ओळखू येईना. हे अंदाजानं पाय टाकत होते.

मणका मोडला होता. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. हे छताकडे बघत म्हणाले, "टोचा की." सुई टोचून झाली होती.

मुलगी सातारहून आली. तिनं रडून घेतलं, मग दवाखान्याची सगळी धावपळ तिनंच केली. मोठे साहेब शहाळी घेऊन आले. दवाखान्याचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका म्हणाले. त्यात ते खोटे पडले नाहीत, तेवढं लिहिलं पाहिजे.

मग एक दिवस भाभी भेटायला आली. बाहेर व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, तितं आता वेगळंच बोलायला लागल्यात. मेजर आपल्या मनानं वर गेलं म्हणं. कुणी सांगितलंच नव्हतं म्हणं."

दार उघडं होतं. यांनी ऐकलं.

तोपर्यंत दुखण्यानं कधी हे ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "मनानं? मी मनानं गेलो? एवढी नोकरी केली, बिनहुकमाचं पाऊल कवा उचललंय मी?" भाभी घाबरून निघून गेली. त्यानंतर यांचं दुसरं बोलणंच थांबलं. पाय जाणार हे यांनी मुकाट्यानं घेतलं, पण मनानं गेल्याचा ठपका काही हे घेईनात. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "मनानं म्हणं." मुलगी म्हणाली, "आण्णा, आता त्यानं काय फरक पडतोय?" हे तिच्याकडे असे बघायला लागले की ती उठून बाहेर गेली.

सरकारी साहेब चौकशीला येणार असं कळलं. त्याआधी सुपरवायझर खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काकू, तुमी फकस्त एवढंच म्हणा, मी तवा आत झाडत होते. बास. मोठं सायेब म्हणल्यात, तुमची नोकरी कायम करतो."

मी काहीच बोलले नाही. मी बोलत नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं ते होच धरलं असावं.

दवाखान्यात जाऊन मी यांना सांगितलं. यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "तू बोलणार व्हय तितं? तुला रिक्षावाल्याला थांब म्हणता येत न्हाई. दोन चौक पुढं जाऊन उतरतीस."

ते खरंच होतं. मी हसले नाही, हेही हसले नाहीत.

चौकशी ऑफिसातल्या मोठ्या खोलीत होती. मी त्या खोलीत रोज फरशी पुसायची, पण खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्या दिवशीही बसवलं नाही, आम्ही भिंतीला लागून उभे होतो. पॅकिंगच्या बायका, मशिनवरचे दोघंतिघं. टेबलापलीकडे सरकारी साहेब, शेजारी मोठे साहेब. सुपरवायझर बाजूला.

"त्यांना वर जायला कुणी सांगितलं होतं?" सरकारी साहेबांनी विचारलं.

सुपरवायझर म्हणाला, "कुणी न्हाई सर. मिलिटरीतलं माणूस, ऐकत न्हाईत कुणाचं. आपल्या मनानंच गेलं."

"तुमच्यापैकी तिथं कोण होतं?"

सगळे खाली बघत होते. मी म्हणाले, "मी."

"काय? मोठ्यानं बोला."

"मी होते. पंपापाशी." माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. मी टेबलाच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, हे काय म्हणाले, पट्ट्याचं काय झालं, हुकूमच समजा असं कोण म्हणालं. जसं बोलणं झालं तसंच्या तसं. मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

सुपरवायझर हळूच म्हणाला, "काकू, मी असं कवा म्हटलं?" माझ्याकडे बघून नाही, खाली बघून.

मोठे साहेब शांतपणे बोलले. "त्यांच्यावर काय प्रसंग आलाय ते आपण समजून घ्यायला हवं. नवऱ्यासाठी बाई बोलणारच. त्यांना दोष देता येणार नाही."

सरकारी साहेबांनी विचारलं, "आणखी कुणी ऐकलंय हे?"

भाभी माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मला आला. मी तिच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला आणखी जड गेलं असतं. पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरचे कागद हलत होते, त्यावर सरकारी साहेबांनी हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाभी डबा घेऊन खोलीवर आली. "वहिनी, पोरीची शादी काढलीय. नवऱ्याचं काम बसलंय. माझं तोंड उघडलंच न्हाई बघ," म्हणाली. मी डबा घेतला. धुऊन परत दिला. पुढं शेडमध्ये तिनं म्हशीला वैरण घातली का असं कधी विचारलं नाही. तसंही मी तिथं फार दिवस राहिले नाही. मला कामावरून काढलं नाही, पण गाड्या आणि चाव्या दुसऱ्या बाईकडे गेल्या आणि मला संडास धुवायला दिले. मागच्या शेडवर जाळीची वाट टाकली. प्लॅस्टिकच्या पत्र्यांखाली लोखंडी जाळी मारली. आता कुणी पडणार नाही.

निकाल पावसाळ्यात लागला. कामगार पट्टा न लावता वर गेला ही त्याची चूक, आणि त्याला अडवलं नाही ही सुपरवायझरची चूक. अडवलं नाही. पाठवलं असं कुठंच नव्हतं. मुलीनं फोनवर वाचून दाखवलं तेव्हा यांनी ते तीनदा वाचायला लावलं.

आमची गाडी खोलीपुढं उभी आहे. मला चालवता येत नाही, आणि घरमालक चार्जिंगला बोर्ड देत नाहीत. मी कामाला चालत जाते. यांना दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी कामावर असते तेव्हा शेजारीण येऊन वळवते.

निकालानंतर सुपरवायझरला काढून टाकलं. तो एका दुपारी आला. सुट्टीचा दिवस होता, मी घरीच होते. वाळलेला दिसत होता. "काकू, माझी नोकरी गेली," दारातच म्हणाला.

हे आतून म्हणाले, "कोण हाय? आत यिऊ दे."

तो आत आला. खाटेवरच्या माणसाला बघून त्याला कुठं उभं राहावं कळेना. मी स्टूल दिलं. तो बसला नाही.

"मेजर," तो म्हणाला, "मीच म्हटलं हुतं. वर जावा म्हणून मीच म्हटलं. मला फोनवर मोठ्या सायबांनी सांगितलं, कुणालातरी चढव, आकडा वाढला पायजे."

हे त्याच्याकडे बघत राहिले. "मग तितं का न्हाई बोललास?"

"तवा नोकरी हुती."

"आता न्हाई. आता जा, बोल."

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. मग म्हणाला, "दुसरीकडं बघतोय. तितलं सायेब ह्यांच्याच वळखीचं हायत. माझ्या बायकूला सातवा लागलाय, मेजर."

यांनी डोळे मिटले. मी चहा ठेवला होता, तो त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानंच प्याला. कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, यांच्या पायांकडे हात नेऊन नमस्कार केला आणि गेला. पायांना हात लागला की नाही, ते यांना कळलं नसणार.

बाहेर त्याच्या गाडीचा आवाज आला नाही, त्या गाड्यांना आवाज नसतोच.

"त्यो म्हणाला नव्हं?" हे डोळे न उघडता म्हणाले. "मीच सांगितलं म्हणाला. ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"आन आता बी ऐकणारी तू एकटीच."

वळवायची वेळ झाली होती. मी यांच्या खांद्याखाली हात घातला.